वेताच्या खोलीतली फरशी

आई, जुनी पुस्तकं बांधायला मी घरातच एक खोली काढते आहे, त्या खोलीसाठी आज फरशी पाहायला गेले होते. दुकानदार म्हणाला, आता फरशीखाली तापणाऱ्या तारा घालतात, हिवाळ्यात पाय गारठत नाहीत. तो बोलत राहिला आणि मी सेक्टर सहामधल्या क्वार्टरमागच्या तुझ्या खोलीत जाऊन पोहोचले. पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि साहेब लोकांच्या खुर्च्या वेतानं विणायला तुझ्याकडे यायच्या. भिजवलेल्या वेताचं पाणी सिमेंटवर पसरायचं, त्या ओलीतच तू दिवसभर बसायचीस. शेवटी गुडघे धरले. डॉक्टरांनी सांगितलं, ही थंड ओल सोडा, नाहीतर विणणं सोडा. "वेत सोडून काय करू? हिची भाषणं ऐकत बसू?" तू बाबांना म्हणालीस. मी तेव्हा कॉलेजात बायकांच्या श्रमाच्या हक्कावर टेबल आपटून बोलत असे.

यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या टाकू, असं मी सुचवलं. "ओलीनं फुगतीन त्या," बाबा म्हणाले. कारखान्यात ते पाइप फिटर. "शहाबादी टाकू. दगड तापाले वेळ घेते, पण धरलेली ऊब लवकर सोडत नाही." मजुरांच्या कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून आणलेला पाइप त्यांनी फरशीखाली नागमोडी पुरला आणि आंघोळीचा बंब उंच ओट्यावर चढवला. बंबातलं पाणी आधी तुझ्या फरशीखालून फिरायचं, मग न्हाणीतल्या आमच्या बादलीत पडायचं.

त्या हिवाळ्यातली पहाट आहे. कारखान्याच्या नव्यानं पेटलेल्या भट्ट्यांचा तांबूस उजेड आभाळभर सांडला आहे. ओल्या दगडांतून वाफ उठते आहे आणि तू मांडी घालून त्या वाफेवर तरंगते आहेस, हातातला वेत पाण्यासारखा वळतो आहे. दगडानं सारी ऊब पिऊन टाकलेली, बादलीत येतं ते कोमटही नाही.

"पाणी गरम येऊन राहिलं का वं?"

"कढत आहे, आई! भाजून राहिलं मले!" मी न्हाणीतून कुडकुडत ओरडते. बाहेर बाबा तोंडावर टॉवेल दाबून हसतात.

त्यानंतर कितीतरी हिवाळे तू विणत राहिलीस.

खऱ्यासाठी घर मोडलं तरी चालेल, असं मी जन्मभर मंचावरून ठणकावत आले. लोक टाळ्या वाजवतात. हे पत्र मात्र, तुझा पत्ता असता तरी, मी टाकलं नसतं. वाचलंस तर उठून पाइप बंद करशील, ही भीती अजून जात नाही.