सील येणार की नाही

सोमवार, २० नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींच्या पायाचं प्लास्टर निघालं का? आत खाजवायला विणायची सुई घालू नका असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय, आणि ते ऐकणार नाहीत हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. इकडे सगळे बरे. धाकटीचा दात पडला, तो तिने माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवला होता. बैठकीत डबी उघडली आणि दात थेट साहेबांच्या फाइलीवर.

तुमच्या कारखान्यातल्या माझ्या भाषणाबद्दल लिहायचं राहिलंय. परराष्ट्र धोरण कामगारांपर्यंत न्यायचं, असा उपक्रम आमच्या खात्याने हौसेने काढला. माहितीपत्रक मी लिहिलं आणि ते वरपर्यंत सगळ्यांना आवडलं. तुम्ही पॅकिंगमधल्या अकराजणींनी मात्र जेवणाची सुट्टी त्यावर घालवलीत, आणि तुझ्या शेजारच्या लेबलवालीने शेवटी त्याची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. मला राग आला नाही. टेबल हलायचं थांबलं.

मग तू उठलीस आणि मला ‘साहेब’ म्हणालीस. सगळ्या हसल्या. ‘संबंधित घटकांचे हित जपले जाईल’ असं यात लिहिलंय, ते घटक म्हणजे आम्हीच ना, मग आमचं नाव घ्यायला काय झालं होतं, असं विचारलंस. मी काहीतरी सारवासारव केली.

“बाकीचं राहू दे,” तू म्हणालीस. “पंपातलं रबरी सील समुद्रापलीकडून येतं. ते येत राहणार की नाही?”

“तसं काही ठरलेलं नाही.”

ताई, ठरलेलं होतं. नऊ दिवस आधीच ठरलं होतं. एक डिसेंबरला जाहीर होईपर्यंत बोलायचं नाही असा आदेश होता, हे खरंच. पण ‘मला सांगता येत नाही’ एवढं म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. तेवढ्यावरून तू ओळखलं असतंस. म्हणूनच मी ते म्हणालो नाही.

परवा भाऊजी फोनवर सहज बोलून गेले. कंपनीच्या दुसऱ्या, नळांच्या कारखान्यात हे सील लागत नाही; तिथे बदली हवी असेल त्यांनी नावं द्यायची होती, तुम्ही सगळ्यांनी दिलीही होती. माझ्या भाषणानंतर तू म्हणालीस, माझा भाऊ खोटं बोलायचा नाही; आणि अकराच्या अकरा नावं मागे घेतली गेली. यादी या शनिवारी बंद होते.

तर पत्रकात लिहायला हवं होतं ते आता लिहितो. सील ज्या देशातून येतं, त्याने आपली मासेमारीची बोट धरली आहे. एकतीस खलाशी चार महिने तिथल्या तुरुंगात आहेत. त्यांच्यासाठी लढाई करायची नाही, म्हणून त्या देशाचा माल घेणं बंद करायचं. त्या मालात तुमचं सील आहे. तुमच्याकडे साठा सहा आठवड्यांचा आहे, असं तूच म्हणाली होतीस. दुसरीकडून तसं सील मिळवायला वर्ष तरी जाईल, असं आमच्या फाइलीत आहे. सील नाही तर पंप नाही, आणि पंप नाही तर पॅकिंग नाही.

निर्णय चुकला असं मला वाटत नाही. त्या खलाशांचीही घरी कुणीतरी वाट बघतंय. पण त्यांना सोडवायचा भार कुणावर पडणार हे आम्हाला माहीत होतं, आणि तेवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी सांगितलं नाही.

फोन केला असता, पण मग त्या दहाजणींना पुन्हा तुझ्या शब्दावर विसंबावं लागलं असतं, आणि त्या शब्दाची पत मी घालवून बसलोय. म्हणून लिहून देतो. कुरिअर बुधवारी पोचेल. गुरुवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. मला सांभाळायला म्हणून पत्र फाडू नकोस. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. हिला सगळं सांगितलंय, पाकिटावर पत्ता तिनेच लिहिला आहे.

यादीत तुझंही नाव घाल. त्यांनी आपल्यामुळे नावं मागे घेतली म्हणून स्वतःचं तेवढं गाळशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. चूक माझी आहे, ती माझ्याकडेच राहू दे.

तुझा भाऊ म्हणून मला कुणी सोडून देऊ नये, यासाठी खाली हुद्दाही लिहितो.

तुझा धाकटा भाऊ,
उपसंचालक, लोकसंपर्क विभाग,
परराष्ट्र खातं