चेरी नावाचं इथं कुणी राहत नाही

३ सप्टेंबर
आलो एकदाचे! केंटकीच, पण आमच्या जुन्या गावापासून लांब, डोंगरापलीकडं. घर म्हणजे काड्यापेटी, तरी पुढं पडवी आहे, पडवीत झोपाळा आहे. मला अजून काय हवं? माझी नात डेल्फिया म्हणाली, ममॉ, आता बडबड वहीशी कर, मला कामावर जायचंय. पाळणाघरात लागली पोरगी!

सोळाव्या वर्षी त्या रॉयनं तिला फूस लावून नेली, चेरी नाव ठेवलं आणि हायवेवरच्या मोटेलांत विकली. पोलिसांनी धरलं कुणाला? पोरीलाच. आता जज्जानं तिच्या नावावरचा तो गुन्हा पुसून टाकला. वकीलबाई म्हणाली, कागद सीलबंद झाले, कुणी विचारलं तर बेलाशक नाही म्हणा, कायद्यानं ते घडलंच नाही. मी म्हटलं, बाई, माझ्या काळजात घडलंय, तिथं कोण खोडरबर फिरवणार?

१० सप्टेंबर
शेजारच्या ऑर्लीनबाई मसाला भरलेली अंडी घेऊन आल्या. अंडी अळणी, बाई गोड. मला चर्चात घेऊन गेल्या. तिथं प्रार्थनेला एकेकानं उठून देवाचे आभार मानायचे. एकीनं गुडघ्याचे मानले, एकानं गाईचे. मग मला बसवेना. म्हटलं, जज्जानं माझ्या डेल्फियाची पाटी कोरी केली. ऑर्लीननं हात धरला, कसली पाटी गं, म्हणाली. सांगितलं सगळं. बायका रडल्या. घरी येताना अंग कसं हलकं झालं होतं.

१६ सप्टेंबर
चर्चात जेवण होतं. घेवड्याची उसळ नेली. इथल्या रिवाजाप्रमाणं भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून वर नाव-पत्ता लिहिला, म्हणजे भांडं चुकत नाही. उसळ चाटूनपुसून संपली, पण भांडं काही सापडलं नाही.

१८ सप्टेंबर
पाळणाघरानं डेल्फियाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. पोरांच्या आयांच्या कानावर गेलंय म्हणे. ऑर्लीनला जाब विचारला. ती म्हणाली, अगं, प्रार्थना वाढावी म्हणून चर्चच्या फेसबुकवर टाकलं, नावानिशी, फोटोसकट, वाईट काय त्यात? मी म्हटलं, तुझ्या जिभेला देवानं हाड द्यायला हवं होतं.
डेल्फिया ओरडली नाही. ममॉ, तुला कुणी विचारलं होतं का, एवढंच म्हणाली.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

२१ सप्टेंबर
भांडं पायरीवर सापडलं. इथं कुणी रिकामं भांडं परत करत नाही. आत चेऱ्या होत्या, लालभडक. मला वाटलं, ऑर्लीन माफी मागतेय. मूठभर खाल्ल्या. डेल्फियानं पाहिलं आणि भिंतीला टेकली. मग भांडं घासत बसली. घासतच बसली.
ऑर्लीन म्हणते, मी नाही बाई. चर्चातल्या जेवणाला डेल्फियाचा काका आला होता, किती अदबशीर माणूस! भांडं मीच पोचवतो म्हणाला.
डेल्फियाला काका नाही.

२२ सप्टेंबर
फोन आला. चेरी आहे का? म्हटलं, चेरी नावाचं इथं कुणी राहत नाही. तो हसला.
पोलिसाला बोलावलं. त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं. म्हणाला, मावशी, इथं रॉयचं आणि तुमच्या नातीचं काहीच दिसत नाही.
कुठून दिसेल? पुसलंय ना.

२३ सप्टेंबर
बोचकी बांधली. वकीलबाई गाडी घेऊन येतेय. डेल्फिया माझ्या खुर्चीमागं भिंतीशी बसलीय, गुडघ्यात डोकं घालून. पाणीसुद्धा घेत नाही. माझ्या मांडीवर लोखंडी तवा —

गाडी आली. वकीलबाईची नाही.

पडवीतला झोपाळा करकरतोय. बसलाय तो. माझ्या झोपाळ्यावर —

उठला. पायपुसण्याला बूट पुसतोय. खरंच अदबशीर. दार वाजवत नाही. नुसती हाक मारतोय, लाडानं, चेरी, ए चेरी —

मी तोंड उघडणार, इथं कुणी नाही म्हणून, तेवढ्यात माझ्या मागून, सोळा वर्षांच्या आवाजात, पोरीनं ओ दिली आणि ती उठून —