उलटं धरलेलं पुस्तक

जोगेश्वरी (पूर्व),
११ फेब्रुवारी १९८६

चि. रामचंद्र,

ताईचा आशीर्वाद. घरी सगळे ठीक असाल. आम्हीही आहोत. गिरणी गेल्यापासून हे मरोळला कामाला जातात, मीही तिथेच पॅकिंगला लागलेय. हाकेच्या अंतरावर राहून पत्र लिहितेय, कारण समोर आले की तू मला बोलूच देत नाहीस.

तुमच्या वाचनालयातलं मुलांचं कपाट शनिवारी दुपारी उघडतं. मी कामावर, म्हणून सासूबाई रतनला न्यायच्या. त्यांना अक्षर येत नाही. चित्रं बघून गोष्ट रचायच्या. दर वेळी गोष्ट जराशी बदलायची आणि रतन दटावायची, "आजी, मागच्या वेळी माकड पडलं नव्हतं!" पाच वर्षांची पोर, माकडाच्या चित्राखालचा 'म' तिने एकदा किराणा दुकानाच्या पाटीवर आपणहून ओळखला. सासूबाईंनी चाळभर सांगितलं.

आणि तुम्ही काय केलंत? ग्रंथपाल ओरडले, "अहो पुतळाबाई, पुस्तक उलटं धरलंय!" अख्खं वाचनालय हसलं. वर नियम काढलात, वाचता येणाऱ्यांनीच मुलांना घेऊन बसावं. लाज कशी वाटली नाही रे?

उलटं म्हणे! रतन त्यांच्या समोर बसते, घास भरवताना बसते तशी. तिच्या बाजूने पुस्तक सुलटंच होतं. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही ते दिसलं नाही? सासूबाई घरी येऊन मला विचारतात, "आपल्या चेडवाक, रतनाक, चित्रां सुलटी दिसाक नकोत? मगे लोकां हसली कित्याक गो?" काय सांगू मी त्यांना?

आता रतन पुस्तकाला हात लावत नाही. आजीने रस्त्यावरची पाटी दाखवली तरी म्हणते, "तुला कुठे येतं?" म्हातारी पाटीकडचं बोट खाली घेते. माझा संताप होतो, आणि रडूही येतं.

तू चिटणीस, नियमाखाली सही तुझी. तेही एक वेळ गिळलं असतं. पण काल झोपताना रतन म्हणाली, "मामा पण हसला. सगळ्यांत मोठ्याने."

येत्या शनिवारी मी खाडा करून दोघींना घेऊन येतेय. तो नियम भिंतीवरून काढ. मग रतनच्या शेजारी सतरंजीवर बस आणि सासूबाई सांगतील ती गोष्ट शेवटपर्यंत ऐक. रतनने तुला ऐकताना बघायला हवं. जमणार नसेल तर भाऊबीजेला येऊ नकोस, पाट मांडलेला नसेल.

पुतळाबाईंची सून,
मंजुळा