हर्सूलच्या गाळातलं मौन

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१५ एप्रिल २०२५

ती. आक्कास,
काकासाहेबाचा सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की भांडतोय असं वाटतं, म्हणून पत्र. होळीला तुझ्या नातीवर, प्रांजलीवर, सगळ्यांदेखत ओरडलो. आठवड्यानं आलेलं पाणी तिनं रंग धुण्यात घालवलं म्हणून. तेव्हापासून पोर माझ्याशी बोलत नाही. माझ्या मनाला लागलंय.

वरच्या मजल्यावरची प्रेरणा दर रविवारी कॉलनीतल्या मुलांना हर्सूल तलावावर नेते. आधी श्वासाकडं लक्ष देत बसायचं, मग एखादा पक्षी न्याहाळायचा, मग प्लास्टिक वेचायचं. तासभर अवाक्षर काढायचं नाही. मला म्हणाली, काका, तुम्ही गप्प बसलात तर कुणीही बसेल. येत्या २७ तारखेला मुलांच्या पुढं मी चालणार आहे.

लोभ असू दे, पोरीचा राग तेवढा उतरव.
काकासाहेब

सिल्लोड
१९ एप्रिल

चि. काकासाहेबास अनेक आशीर्वाद.

तू आणि तासभर गप्प? स्वतःच्या लग्नात बँडवाल्याशी भांडलेला तू! लई हसलो आम्ही. प्रांजली हसली नाय, पण दाराआड उभी राहून सगळं ऐकत व्हती. गुडघे सांभाळ. तुझ्या रत्नमालाला म्हणावं, तासभर तरी सुखानं चहा पी.

माया पातळ होऊ देऊ नको.
आक्का

उस्मानपुरा
२८ एप्रिल

ती. आक्कास सा. न.

काल फजिती झाली. एक पिशवी उचलायला पुढं गेलो आणि गुडघ्यापर्यंत गाळात रुतलो. बोलायचं नव्हतं, म्हणून दोन्ही हात वर केले. मागं बावीस मुलांनी हात वर केले. मी हात हलवले, त्यांनीही हलवले. प्रेरणाला वाटलं, काकांनी नवीन व्यायाम काढला.

शेवटी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात दोन हातांवर टिटवी दिसली. खड्यांमध्ये चार अंड्यांवर बसलेली. मी ओरडलो असतो तर बावीस पोरं धावत आली असती आणि अंडी पायाखाली गेली असती. तोंड मिटलं. चाळीस मिनिटं मी तिच्याकडं आणि ती माझ्याकडं बघत राहिली. आक्का, एवढा वेळ मी कुणाकडं बघितलेलं आठवत नाही.

तास संपल्यावर हलक्या आवाजात सगळ्यांना लांब थांबवलं. शेळ्या चारणाऱ्या दगडाबाई मघापासून बघत होत्या. त्यांनी विचारलं, साहेब, तिथंच ऱ्हायचं का? मग काठी देऊन ओढून काढलं. बूट गाळातच राहिला. आता कुत्री येऊ नयेत म्हणून मुलं पाळीपाळीनं लांबून राखण करतात.

आठवण ठेव.
काकासाहेब

ता. क. वन्सं, नमस्कार. हे सगळं खरं आहे. पण गप्प कसे राहिले, ते घरी येऊन दोन तास ओरडून सांगत होते. – रत्नमाला

सिल्लोड
३ मे

चि. काकासाहेबास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र प्रांजलीनं माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दोनदा वाचलं. पुढच्या शनिवारच्या एस.टी.नं आम्ही दोघी येतोय. ती म्हणते, मी अंडी बघायला येतेय, मामाआजोबांना नाय. पण काल तुझ्यासाठी मक्याच्या लाह्या तिनंच भाजल्या. तुला कळवायचं नाय असं मला बजावलंय. म्हणून डबा हातात आला की नुसता खा, एक शब्द बोलू नको.

भेटीपर्यंत जीव लावून ठेव.
आक्का