लाल सायकलचा उजवा कप

आधी तक्रार, मग बाकीचं. नवरा गेल्यापासून माझा दीर तेअमे कॉफीच्या प्रत्येक बैठकीत सांगत आला की दुकानातली लाल रेसची सायकल आपलीच. माझ्याच ताटातली इंजेराची भाकरी तोडत सांगायचा.

आता कायद्याचं. मी लेतेकिदान ओक्बाझगी, हाब्तेअबची विधवा, वय बहात्तरच्या आसपास, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार अबाशावल, अस्मारा. डोकं ठिकाणावर आहे. हात कापतात, पण पाना धरला की थांबतात. हे मृत्युपत्र कोणी दटावून लिहून घेतलेलं नाही. मला दटावणारा अजून जन्मायचाय.

घर मुलगी अब्रेहेतला. पत्रे तिनेच बदलले. बँकेत काही नाही, उगाच गाद्या उसवू नका.

पाने, चिमटे, ग्रीसचा डबा मुलगा इसाकला. छर्रे रॉकेलमध्ये धुऊन परत वापरायचे. आणि इसाक, चाकाच्या तारा ओढताना गप्पा मारू नकोस, म्हणून तुझी चाकं नाचतात.

कॉफीची किटली, माझी जबेना, शेजारीण मेधिन मागेल. द्यायची नाही. ती कॉफी जाळते.

लाल सायकल नात सिम्रेतला, शर्यतीत चालवायला. तेअमेला ती आपल्या बारच्या भिंतीवर टांगायची होती. "पोरीच्या जातीला रेसची सायकल कशाला?" म्हणाला. म्हणून काल रविवारी मी थोरल्या अबोय वेल्देगब्रांना आणि गल्लीतल्या बाकी वडीलधाऱ्यांना बोलावलं, कॉफी मांडली आणि सायकल मध्ये उलटी उभी केली.

तेअमेने ब्रेकवरचा, गिअरवरचा, चाकांवरचा इटालियन छाप एकेक करून दाखवला. "माझ्या इटालियन मालकाने मला दिली. दरवर्षी मीच खोलून ग्रीस भरलंय, अबोय!"

"मग खोल," मी म्हटलं. "पायडलांचा आस फिरतो ना, तिथला उजवा कप काढ."

"एवढंच, वहिनी?"

आमच्या शहरात सगळ्या सायकली इटालियन. दोन्ही बाजूंचे कप, म्हणजे छर्रे बसतात त्या आटेदार वाट्या, घड्याळाच्या उलट फिरवले की सुटतात; पोरंही डोळे मिटून तसाच पाना फिरवतात. तेअमेनेही तसाच फिरवला. कप हलेना. त्याने पान्याला नळी जोडली, वर पाय दिला. पाना सटकला आणि तेअमे शेंगदाण्यांच्या ताटात बसला.

"गंजलाय," म्हणाला.

"गंजला नाही. तू आवळतोयस."

मी पाना घेतला, घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला, दोन हिसके दिले. कप सुटला. आत माझं ग्रीस, लोण्यासारखं.

अबोय वेल्देगब्र पुढे वाकले. "हे उलटं कसं, पोरी?" बहात्तराव्या वर्षी मला पोरी म्हणणारे तेवढे एकच उरलेत.

सांगितलं. मस्सावाच्या घाटात हाब्तेअब या सायकलीवरून पडला तेव्हा तिची आसाभोवतीची नळी चिरली होती. त्याने इंग्रज टाकून गेलेल्या एका सायकलीची नळी कापून ज्योतीवर डाग देऊन तिथे जोडली. इंग्रजांचा उजवा कप उलटा फिरतो. वरून लाल रंग दिला, कोणाला कळलं नाही. चिमटा मी धरला होता. भुवया जळाल्या त्या माझ्या. जो दरवर्षी खोलतो त्याला हे ठाऊक असतंच.

तेअमे शेंगदाणे झटकत राहिला. अबोय म्हणाले, "तेअमे, ती तुझी असती तर तिने तुला शेंगदाण्यांत बसवलं नसतं." अख्खी गल्ली हसली. कॉफीचा तिसरा कप, आशीर्वादाचा, मी सर्वांत आधी सिम्रेतच्या हातात दिला. मोठ्यांच्या आधी देत नाहीत. मी दिला. आणि तिथल्या तिथे ती सायकलवर बसून बाजारापर्यंत अशी सुटली की मेधिनच्या कोंबड्या छपरावर गेल्या.

साक्षीदार: वेल्देगब्र हैले, सही. दुसरा साक्षीदार तेअमे, वडीलधाऱ्यांच्या हुकमावरून, सही; पेन दोनदा खाली ठेवून मग केली.

लेतेकिदान ओक्बाझगी, स्वतःच्या हाताने. अस्मारा, सोमवार, १४ ऑक्टोबर १९९६.

सहीखाली एवढं राहिलं: माझ्या दुखवट्याच्या मांडवात कोणीतरी विचारेलच की लाल सायकल कोणाची. सिम्रेतने तोंड उघडायचं नाही, अब्रेहेतनेही नाही. उत्तर तेअमेने द्यायचं. उभं राहून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.