सगळ्या माना वर

बकहॉर्न क्रीक, मेरीलँड
१४ डिसेंबर

प्रिय पर्नेल,

खुशाल असशील. इथे खाडीच्या कडेला बर्फ धरलाय, आपल्या आईचा गुडघा आईसारखाच कुरकुरतोय. काल कालवांचं सूप केलं होतं. तुझी आठवण कुणी काढली नाही.

शनिवारचं कानावर आलं. तुझं गिऱ्हाईक, ते बाल्टिमोरचे वकीलसाहेब, शेतातल्या शिकारीच्या खड्ड्यात बंदुका धरून गारठले, रानहंसांचे थवे आले, घिरट्या घातल्या आणि निघून गेले म्हणे. तू हंसांना बोलावायची शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झालास. अरेरे!

बाबा गेले त्याच आठवड्यात, थव्यांना भुलवायला शेतात मांडायचे त्यांचे लाकडी हंस तू ट्रकमध्ये भरलेस. "लव्हिनिया, शिकारीत बाईचं काय काम? तू कॉफी कर." वर रोटनकाकांना सांगितलंस की मांडणी नेहमी तूच करायचास. शेत त्यांचं, पुढच्या वर्षी ते शिकारीसाठी कुणाला द्यायचं, हे यंदाच्या शिकारीवर ठरणार होतं ना! पण तू उगवायचास उजाडल्यावर. तोवर बाबांनी आणि मी चिखलात गुडघे टेकून एकेक हंस वाऱ्याकडे तोंड करून बसवलेला असायचा.

मग तुझा निरोप आला: धडं आहेत, मुंडकी तुझ्या कोठारात राहिलीत, रंगवून पाठव. पाठवली की! छान रंगवली. फक्त सगळी टेहळ्यांची, मान ताठ वर केलेली. अरे, चरणारा हंस मान खाली घालतो. राखणीला दोनचारच उभे असतात. सगळ्यांनी मान वर केली म्हणजे धोका. तू शेतभर ओरडत होतास, उतरू नका! आणि तुला कळलंही नाही.

काल मी चरणारी मुंडकी नुसत्या ढेकळांत खोचली. थवा खाली आला. रोटनकाका म्हणाले, "पोरी, मांडणी तुझी असायची हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही!" शेत आता माझं.

मला शेत नको होतं, पर्नेल. मी तुझ्याकडे एकच हंस मागितला होता, बाबांच्या शवपेटीत ठेवायला. "गिऱ्हाइकांना कमी पडतील," म्हणालास. बाबा रिकाम्या हातांनी गेले. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

इकडे येशील तर त्यांच्या थडग्यावर ठेवायला एक धड घेऊन ये. मुंडकं मी देईन, चरणाऱ्याचं. आणि तूही मान खाली घालूनच ये.

तुझी म्हणवत नाही,
लव्हिनिया