नातीशी स्वाहिलीत

३ मार्च, रविवार
नात तीन वर्षांची झाली आणि तिला मराठीचा एक शब्द येत नाही. तिकडे परदेशात मुलगा दिवसभर कामावर, घरात सूनबाईंची स्वाहिली. मी मुलाला काही बोलले नाही. दोनदाच बोलले. संकल्प: महिन्याभरात स्वाहिली. भाषा हा माझा हातखंडा. शाळेत फ्रेंचचं बक्षीस थोडक्यात हुकलं होतं.

५ मार्च
पुस्तक आलं. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात: माणसांचा वेगळा, झाडांचा वेगळा, फळांचा वेगळा. नामाच्या वर्गाची खूण विशेषणाला आणि क्रियापदालाही लागते. थेट आमचं कॉन्व्हेंट. ज्या हाऊसची मुलगी, त्याच रंगाच्या रिबिनी. त्या रिबिनींचा इस्त्रीचा वास आला आणि क्षणभर पुस्तक मिटून बसले.
किताबु किझुरी, चांगलं पुस्तक. दोघांना 'कि'ची रिबीन. पुस्तकं अनेक झाली की व्हिताबु व्हिझुरी. फारच सोपं. हे जेवून सोफ्यावर आडवे झाले की कोणत्या वर्गात धरायचे, तेवढं दिलेलं नाही.

१० मार्च, रविवार, संध्याकाळ
व्हिडिओ कॉल. नातीने काहीतरी विचारलं. मी उत्तर जुळवायला घेतलं. सिस्टरांची शिकवण पक्की आहे: वाक्य पूर्ण झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कर्ता लावला, काळ लावला, क्रियापदापाशी पोचले, तोवर तिला अंघोळीला नेलं. प्रगती उत्तम.

१७ मार्च, रविवार
ह्यांनी मध्येच तोंड घातलं. 'पाका किझुरी' म्हणाले आणि म्याव केलं. पाका म्हणजे मांजर, आणि त्याला भलतीच रिबीन. नात हसून लोळली. नंतर मी म्हटलं, अहो, पोरीची भाषा बिघडेल. तर म्हणे, तिची कशाला, बिघडली तर माझी बिघडेल.
पुढच्या रविवारी ह्यांना भाजीला पाठवणे.

२४ मार्च, रविवार
भाजी लवकर मिळाली. दोघांची अखंड बडबड. मी मागे उभी राहून ह्यांच्या चुका टिपल्या. पान पुरलं नाही.

२९ मार्च
माझं वाक्य तयार. निनाकुन्गोजा. मी, आत्ता, तुला, वाट पाहणं, सगळं एकाच शब्दात. मी तुझी वाट पाहते आहे. आरशापुढे म्हटलं. डोळे भरून आले, उच्चार मात्र निर्दोष.

३१ मार्च, रविवार
नात पडद्यावर आली, पण बोलली नाही. माझ्याकडे बघत हळूहळू हातवारे करू लागली. मला वाटलं, नवा खेळ असेल. मुलाने चाचरत सांगितलं, आई, तिने बालवाडीत सांगितलंय की माझ्या आजीला बोलता येत नाही. बाईंनी मग तिला खुणा शिकवल्या. मी म्हटलं, असं कसं सांगितलं तिने? तर म्हणाला, अगं, तू तिच्याशी कधी बोलली आहेस का?
वाक्य जिभेवर होतं. पण इतक्या मेहनतीने शिकलेल्या खुणांना शब्दांत उत्तर देणं बरं दिसलं नसतं.
तिने पोटावरून हात फिरवून भुवया उंचावल्या. जेवलीस का?
मी मान हलवली.
तिने टाळ्या वाजवल्या आणि आईला हाक मारून दाखवलं, आजीला समजलं.